मत अकोल्याला, मुक्काम अमरावतीला

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. मधे शंभरेक किलोमीटरचा रस्ता. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, कुरणखेड, बोरगाव मंजू ही गावं मला आता जपमाळेच्या मण्यांसारखी पाठ झाली आहेत. लग्नाला अकरा वर्षं झाली. तेवढ्यात माहेरच्या वस्तू एकेक करून इकडे आल्या. शिलाई मशीन आलं, बी.ए.च्या पुस्तकांची पेटी आली, आजीचा पितळी अडकित्तासुद्धा आला. एकच गोष्ट तिकडे राहून गेली होती, ती म्हणजे मतदारयादीतलं माझं नाव.

त्याला कारण निव्वळ माझा आळस. 'करू, करू' म्हणता वर्षं गेली. २०१९ साली तर ते चक्क सोयीचं ठरलं. १८ एप्रिलला अकोला आणि अमरावती, दोन्हीकडे एकाच दिवशी लोकसभेचं मतदान होतं आणि मी बाळंतपणासाठी माहेरीच होते. दोन महिन्यांचं पोर आईच्या मांडीवर टाकलं, कानाला रुमाल बांधला आणि कोपऱ्यावरच्या शाळेत जाऊन मत देऊन आले. २०२४ला मात्र पंचाईत झाली. २६ एप्रिल, शुक्रवार, पुन्हा दोन्हीकडे एकाच दिवशी. यांचं मत अमरावतीला, माझं अकोल्याला.

"एवढ्या उन्हात दोनशे किलोमीटर जाऊन-येऊन करणार, एका बटणासाठी?" हे म्हणाले. म्हणाले तरी सकाळी मुलाला सांभाळायचं त्यांनी कबूल केलं होतं, हेही सांगायला हवं.

आदल्या रात्री पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, जायलाच पाहिजे तुम्ही. खरं तर मत न देणाऱ्याला दंडच ठोकला पाहिजे. ऑस्ट्रेलियात ठोकतात."

"मग तुम्ही येताय ना भाऊजी? तुमचं नाव तर इथंच आहे."

तिकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "अहो, रिझर्व्हेशन कुठं मिळतंय आता!"

मी हसले खरी, पण तो दंड डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाटेनं तो माझ्याबरोबरच होता म्हणा ना.

आमच्या घरात सगळ्यांत निवांत होत्या त्या आजेसासूबाई. वय अठ्ठ्याऐंशी. ८५ वर्षांच्या वरच्यांना आणि अपंगांना घरून मत देण्याची सोय त्या लोकसभेला पहिल्यांदा देशभर झाली होती. त्यामुळे त्यांचं मत आधीच झालेलं. चार-पाच माणसं घरी आली, जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, हातात मतपत्रिका दिली. आजी खूश! "हे बरं, कागदाचं," म्हणाल्या. "माझ्या पहिल्या मताला पंजाबराव देशमुख उभे होते. तेव्हाही कागदच होता." म्हणजे १९६२ सालची गोष्ट. त्या वेळी वयाची अट २१ वर्षांची होती, १८ झाली ती १९८९मध्ये.

आजींच्या आधीच्या पिढीची एक हकिगत मी शाळेत मुलींना नेहमी सांगते. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी यादी करणारे दारात आले, की काही बायका नाव सांगायच्या 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई'. स्वतःचं नाव परक्या पुरुषाला कसं सांगायचं? मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की अशी नावं चालणार नाहीत. स्वतःचं नाव द्या, नाहीतर यादीतून बाहेर. सुमारे २८ लाख बायका त्यामुळे मताला मुकल्या, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. कडक वाटतं ऐकायला. पण पुढच्या खेपेला बायकांनी नावं सांगितली. तेव्हा सक्ती म्हटली की वाईटच, असं मी एकदम म्हणणार नाही.

सकाळी साडेसहाला निघाले. रिक्षा अंबादेवीच्या देवळावरून गेली. याच देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली सत्याग्रह झाला होता, पंजाबरावांच्या पुढाकारानं. चौकाचौकांत पक्षांची टेबलं मांडली जात होती. शाळांपुढे चुन्याच्या रेघा. एस.टी.त बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत आम्हीच जास्त. पिशवीत पन्ह्याची बाटली, एक कांदा, आणि आईसाठी गरम गिलावडे. ते अकोल्याला पोचेस्तोवर गार होणार हे माहीत असतं, तरी नेते.

बडनेरा सोडलं की दोन्ही अंगांना काळं रान. एप्रिलात त्यात बघण्यासारखं काही नसतं. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, तुरीची खुंटं, आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. कडुनिंब तेवढा हिरवा. रस्ता मात्र हेमामालिनीच्या गालासारखा, असं आमचे बाबा म्हणतात. लोणी ते मूर्तिजापूर या पट्ट्यात जून २०२२मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तासांत करून गिनेस बुकात विक्रम नोंदवला गेला. मनात आलं, की पाचेक दिवसांत पंच्याहत्तर किलोमीटर रस्ता करता येतो या देशात! मग मेळघाटातल्या पाड्यांपर्यंत का जात नाही तो?

मेळघाट आठवायला कारण होतं. बडनेऱ्याला एक बाई चढली होती. दोन पोरं, एक गाठोडं, वर बांधलेली पातेली. माझ्या शेजारी जागा होती, तिथं बसली. धाकट्याला पन्हं दिलं तशी बोलायला लागली. धारणीकडची कोरकू. बडनेऱ्याला बांधकामावर होती, आता ठेकेदारानं मूर्तिजापूरला बोलावलं होतं. नवरा पुढं गेला होता.

"आज मत आहे ना तुमच्याकडं?" मी विचारलं.

"है नं बाई. नाव तिकडं है गावाले. जायाले एक दिस, याले एक दिस. दोन दिसाची मजुरी कोन देते?"

मतदानाच्या दिवशी मजुरीसकट सुट्टी द्यायची, असं कायदा सांगतो. रोजंदारीवाल्यालासुद्धा. पण तो कायदा तिच्या ठेकेदाराला सांगायला मी जाणार होते का? मी आपली मास्तरीण, दुसराच प्रश्न विचारून बसले, "आणि समजा, मत नाही दिलं म्हणून दंड बसला तर?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला ओशाळल्यासारखं झालं. "दंड? कायचा दंड? मंग दंडाले पैसा कुठून आनू?" आणि थोड्या वेळानं, "आमच्या गावाले बूथ नाही आला कदी. आमीच जातो. गेलो तवा गेलो."

मूर्तिजापूरला ती उतरली. स्टेशनाकडे बोट करून मोठ्या पोराला काहीतरी दाखवत होती. तिथून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी आमची 'शकुंतला', इंग्रजांनी वऱ्हाडचा कापूस न्यायला बांधलेली ती अरुंद रुळांची गाडी, बंद पडली आहे. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणत आपण मोठे झालो. सोनं कोणत्या रुळांवरून कुठं गेलं, ते तिथं गवतात दिसतं.

पुढे पेपरात वाचलं, की त्याच दिवशी मेळघाटातल्या काही गावांनी मतदानावर बहिष्कार टाकला होता. रस्ता नाही, पाणी नाही, वीज नाही म्हणून. मैत्रिणींनो, ही माणसं आळशी म्हणायची का? पुण्याला बसून ज्यांना रिझर्व्हेशन मिळालं नाही ते, आणि ही, एकाच दंडाच्या पावतीवर? आमच्या घरी एखादी सासुरवाशीण जेवायला बसली नाही, की अख्ख्या घराला कळतं काहीतरी बिनसलंय. तिला धरून घास भरवला, तर ताट रिकामं होईल. बिनसलेलं कळणार नाही.

अकोल्याला उतरले तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि डांबराची झळ चपलेतून लागत होती. घरी गेले तर आई गच्चीवर. एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवायला तयार! "निवडणुकीवाल्यांना घरात बाई नसते का ग?" आई म्हणाली. "आंबायला लागला असता चीक." ती सात वाजता रांगेत उभी राहून मत देऊन आली होती आणि आठाला तिच्या कुरडया सुरू. बाबा पेपर वाचून, अंघोळ करून, सावकाश दहाला निघाले. तेही मत आणि हेही मतच. मोजताना दोन्ही सारखी.

मी गेले तर शेजारच्या काकू केंद्राच्या पायरीवर बसलेल्या. चाळीस वर्षं त्याच गल्लीत राहतात, एक निवडणूक चुकवली नाही. त्या खेपेला त्यांचं नाव यादीतून गळालं होतं. काका जाऊन चार वर्षं झाली, त्यांचं नाव मात्र छान छापलेलं. "मले जिवंतपणी काढलं न् यायले ठेवलं," काकू म्हणाल्या. रडतात की हसतात ते मला कळेना. दंडाचा कायदा असता तर नोटीस काकांना गेली असती.

मी बटण दाबलं, बोटाला शाई लावून घेतली, जेवून ओल्या चिकाचा डबा घेतला आणि तीनच्या गाडीनं परत.

ही झाली माझी यात्रा. आता दंडाकडे वळते. घरी आल्यावर मी जरा वाचन केलं, आणि माझी नणंद मेलबर्नला असते तिच्याशी बोलले. भाऊजी खोटं बोलत नव्हते. ऑस्ट्रेलियात देशाच्या निवडणुकीला १९२४पासून मतदान सक्तीचं आहे. १९२२मध्ये साठ टक्क्यांच्याही आत मतदान झालं होतं, १९२५मध्ये एकदम नव्वदच्या वर. दंड २० डॉलर. "पण वन्सं, त्रास होत नाही का?" मी विचारलं. "अग, त्रास कसला? शनिवार असतो. जवळच्या शाळेत जायचं, बाहेर पालक-संघाचा खाऊचा ठेला असतो, पोरं खूश. बाहेरगावी असलं तर आधी देता येतं, टपालानं देता येतं." म्हणजे माणसाला सक्ती, तशी सरकारलाही. पेटी माणसापर्यंत न्यायलाच हवी. ही गोष्ट मला फार पटली. मात्र त्याच देशात तिथल्या मूळ रहिवाशांना देशाच्या निवडणुकीत सरसकट मत मिळालं ते १९६२ साली, आणि नाव नोंदवण्याची सक्ती त्यांना लागू झाली १९८४ला. आधी सक्ती, मग हक्क, असाही प्रकार जगात झाला आहे तर.

आपल्याकडे शेजारच्या गुजरातनं हे करून पाहिलं. स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचं करणारं विधेयक तिथल्या विधानसभेनं २००९मध्ये मंजूर केलं. राज्यपालांनी अडवलं, २०११मध्ये पुन्हा मंजूर झालं, २०१४मध्ये सही झाली. शंभर रुपये दंड ठरला. ऑगस्ट २०१५मध्ये उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. त्याच वर्षी विधी आयोगानंही सांगितलं, की सक्ती नको. यांना हे सांगितलं तर म्हणाले, "शंभर रुपयांत सुटका होत असेल तर लोक आधीच भरून ठेवतील!"

पण लोक जास्त आले, म्हणजे निवडून आलेला माणूस जास्त जणांचा होतो का? हा खरा प्रश्न. आमच्या अकोल्याचाच हिशेब घ्या. नावं घेत नाही, मला राजकारण करायचं नाही. २०२४ला मतदार होते सुमारे १९ लाख. मतं पडली पावणेबारा लाखांच्या आसपास. पहिल्याला साडेचार लाखांच्या थोडी वर, दुसऱ्याला सव्वाचारच्या आत, तिसऱ्याला पावणेतीनच्या थोडी वर. म्हणजे जिंकणाऱ्यामागे सगळ्या मतदारांतले जेमतेम चोवीस टक्के. आणि घरी राहिले किती? सात लाखांवर! न आलेल्यांचा पक्ष असता तर तोच पहिला आला असता. अमरावतीत तर निकाल वीस हजारांच्या आतल्या फरकानं लागला, न आलेले साडेसहा लाखांच्या वर.

एवढं वाचून मलाही वाटलं, की आणा बाई सगळ्यांना धरून! पण मग पुन्हा हिशेब केला. समजा सात लाख आले आणि त्यांनीही तशाच तीन वाटण्या केल्या, तर? जिंकणारा तोच आणि टक्के तेच, एकोणचाळीस. येणाऱ्यांपैकी एकसष्ट जणांचा नको असलेलाच माणूस निवडून यायचा. अकोल्यात तिरंगी लढती जुन्याच आहेत. हा घोळ गर्दीनं सुटत नाही, तो मोजण्याच्या रीतीतला आहे. वन्संनी सांगितलं, की त्यांच्याकडे नुसती खूण करायची नसते, उमेदवारांना एक, दोन, तीन असे क्रम लावायचे. निम्म्याहून जास्त पहिली पसंती कोणालाच नसली, तर तळच्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायची, निम्मं पार होईपर्यंत. दिरांनी दंडाचं तेवढं सांगितलं, हे नाही सांगितलं.

अर्थात न आलेले सात लाख आलेल्यांसारखेच असतील तर हे खरं. ते तसे नसतात, हे मला त्या एस.टी.तल्या बाईनं शिकवलं. पण तिला आणायला दंड कशाला हवा? मूर्तिजापूरला काम करत असेल तर मूर्तिजापूरला मत देण्याची सोय हवी. आणि नाव गळालं तर गाळणाऱ्याला विचारणारं कोणीतरी हवं.

आणखी एक. अमरावती आणि अकोला, दोन्ही महानगरपालिकांची निवडणूक फेब्रुवारी २०१७मध्ये झाली होती. मार्च २०२२मध्ये मुदत संपली. पुढची निवडणूक कधी झाली? १५ जानेवारी २०२६ला! जवळजवळ चार वर्षं आमच्या नळाचं, नालीचं, कचऱ्याचं गाऱ्हाणं ऐकायला निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. प्रशासक होते. मतदाराला सक्ती करणाऱ्यांनी आधी निवडणुकीला करावी, नाही का? आपण स्वयंपाक चार वर्षं ठेवायचा बंद, आणि वर म्हणायचं, जेवायला न येणाऱ्याला दंड!

२०२४च्या उन्हाळ्यानंतर मी आठ नंबरचा फॉर्म भरला आणि माझं नाव अमरावतीत आणलं. त्यामुळे जानेवारीत इथंच मत दिलं. आदल्या दिवशी संक्रांत. रांगेत बायकांनी एकमेकींना तिळगूळ दिला, अर्धं हळदीकुंकू तिथंच झालं. भाऊजीही आले होते, संक्रांतीच्या पुरणपोळीचं रिझर्व्हेशन मिळालं असावं. एका प्रभागात चार जागा, चार मतं. आत गेलेली म्हातारी बाहेरच येईना.

त्यानंतर दहा दिवसांनी राष्ट्रीय मतदार दिन होता. मी जिथं अर्धवेळ शिकवते त्या शाळेत वादविवाद ठेवला, 'मतदान सक्तीचे असावे काय?' आणि परीक्षक म्हणून मला बसवलं. एका मुलानं फार छान सांगितलं, की बळेच आणलेला माणूस वरचं पहिलं बटण दाबेल आणि पळेल. टाळ्या पडल्या. मग नववीतली एक मुलगी उठली. एरवी वर्गात तोंड न उघडणारी. म्हणाली, "सक्ती पाहिजे. आमच्या घरी आई मत द्यायला जाणार की नाही, ते बाबा ठरवतात. सक्ती असली तर बाबांना अडवता येणार नाही."

टाळ्या नाही पडल्या. मी तिला पहिला नंबर दिला. माझ्या वहीतले सगळे हिशेब तिच्याविरुद्ध होते, तरी दिला. शाळेची सक्ती झाली म्हणून तर किती मुली शाळेत आल्या. बडोद्याला सयाजीरावांनी १९०६ साली ती केली, तेव्हा मुलींच्या बापांना कोणी विचारत बसलं नव्हतं.

शनिवारी प्रमाणपत्र न्यायला तिची आई आली. पदर सावरत दारातच उभी राहिली. मी तिच्या मुलीचं कौतुक केलं, तशी हसली.

"मॅडम, औंदा मी गेली होती. यायले न विचारता गेली. चारही बटनं दाबली," ती म्हणाली. मग आवाज खाली करून, "चौथं कोनाचं होतं, ते मात्र मले अजून मालूम नाही."